हाताने अंगरखा शिवायला कुठे शिकावं? कार्यशाळा सुचवा

शेवंती_ठाणे

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षं शिवजयंतीला आमच्या सोसायटीत आम्ही छोटासा कार्यक्रम बसवतो. कपडे भाड्याचे. यंदा जो अंगरखा आला त्याला पाठीत चेन होती आणि छातीवरचे बंद नुसते शोभेचे, खाली वेल्क्रो. पोवाडा ऐन रंगात आला असताना शाहिरांनी हात उंचावला आणि वेल्क्रो 'चर्र' करून सुटला. मुलं आठवडाभर त्याचीच नक्कल करत होती. मी तेव्हाच ठरवलं, पुढच्या वर्षी निदान एक अंगरखा तरी खरा हवा. तो मी शिवणार, मशीनला न शिवता.

ब्लाउज, कुर्ते मशीनवर बरे शिवते. हातशिलाई म्हणाल तर हुक लावणं आणि साडीला फॉल लावणं, संपलं. सध्या समोर तीन वाटा आहेत:

१) पुण्यात शनिवार-रविवारची कार्यशाळा. कापड बेतून, तुकडे करून तेच देतात. 'घरी जाताना स्वतः शिवलेला अंगरखा घेऊन जा' असं जाहिरातीत आहे.

२) अहमदाबादला सहा दिवस. राहण्याखाण्यासकट पहिलीच्या चौपट खर्च. बहुतेक हिंदीत.

३) आमच्या स्टेशनजवळ एक म्हातारे शिंपीकाका आहेत, पंचाहत्तरीच्या पुढचे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "शिकायचं काय त्यात, येऊन बसा." फी विचारली तर हसले.

काय करू? आणि कार्यशाळेवाल्यांना पैसे भरण्याआधी काय विचारू?

गडवाट

पहिली घ्या. दोन दिवसांत काम फत्ते. स्टेजवर पाच फुटांवरून कोण टाके मोजतंय?

शिंप्याचा_नातू

गडवाट, पाच फुटांवरून टाके दिसत नाहीत हे खरं, पण बेत दिसतो. अंगरखा अंगावर पडतो कसा ते पन्नास फुटांवरूनही कळतं.

शेवंतीताई, कार्यशाळेवाल्यांना एकच गोष्ट विचारा: कापड बेतायला मला मिळणार का? 'तुकडे तयार असतात' असं उत्तर आलं तर तिथे तुम्ही फक्त जोडायला शिकाल, आणि जोडणं तुम्हाला आजही येतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या मापाचा अंगरखा शिवायचा झाला की पुन्हा त्यांच्याच दारात.

आजोबांचं दुकान होतं. शिलाई मशीनवर, पण काजं, तुरपाई, गोट (कडेची पट्टी) सगळं हाताने, आणि जुन्या पद्धतीचे अंगरखे देवस्थानासाठी क्वचित यायचे तेव्हा मी बाजूला बसून बघितलेत. त्यातली एक गोष्ट सांगतो, तिच्यावरच सगळं उभं असतं. चौबगला.

आजच्या शर्टाला मुंढा (बाही जोडायची जागा) गोल कापलेला असतो आणि बाहीचं डोकंही त्याच गोलाईचं. जुन्या कपड्याला तसलं काही नाही. अंग सरळ, बाही सरळ, म्हणजे दोन चौकोनी पट्टे एकमेकांना काटकोनात जोडलेले. हात खाली असेपर्यंत ठीक. हात वर केला की सगळा अंगरखा बाहीबरोबर वर चढतो (तुमचे शाहीर आठवा). म्हणून बगलेत एक चौकोनी तुकडा घालतात, टोकावर उभा करून. त्याच्या दोन कडा बाहीला, दोन अंगाला. तो तिथे तिरका बसतो, आणि तिरकं कापड ताण घेतं. हात कितीही फिरवा, कंबरेशी कापड हलत नाही.

ऐकायला सोपं आहे. शिवताना चारही कोपऱ्यांवर रडायला येतं. कोपऱ्यापर्यंत टीप नेली तर चुणी पडते, आधी थांबलात तर भोक राहतं. दुमडीची रुंदी जेवढी, नेमकी तेवढीच जागा सोडून थांबायचं, दोन उलट्या टिपा मारायच्या, दोरा तोडायचा नाही, कापड फिरवायचं आणि पुढची कड धरायची. आजोबा म्हणायचे, कोपऱ्यावर श्वास धर.

मांजरपाटाचा हातभर तुकडा घ्या. एक बाही, अर्धं अंग आणि एक चौबगला, एवढंच चार वेळा शिवा. कार्यशाळा कोणतीही निवडा, त्याआधी हे करा.

लीड्सकर

वा, हा धागा माझ्यासाठीच निघालाय. वाचनखूण साठवली.

मी इंग्लंडात असते. दोन वर्षांपूर्वी इथे पाच दिवसांची हातशिलाईची कार्यशाळा केली, अठराव्या शतकातला पुरुषांचा लिननचा शर्ट. नातूंनी चौबगला लिहिलाय तो वाचून अंगावर काटा आला, कारण त्या शर्टाच्या बगलेतही अगदी तोच चौकोन! शिवाय खांद्याजवळ मानेशी अजून एक छोटा, तोही तिरका. सगळा शर्ट आयतांचा आणि चौकोनांचा, एकही गोल काप नाही. आमच्या बाई म्हणाल्या, हातमागाचं कापड महाग होतं, वाया घालवायची सोय नव्हती. पुण्यातला शिंपी आणि लंडनातली शिवणकाम करणारी बाई एकमेकींना न विचारता एकाच उत्तराला पोचली याची मला फार मजा वाटते. (पोचले म्हणा. व्याकरणवाले येण्याआधी दुरुस्त केलं.)

पहिला अख्खा दिवस आम्ही एकही तुकडा जोडला नाही. कात्रीसुद्धा सरळ चालवू दिली नाही. कापायच्या रेषेवरचा एक धागा सुईच्या टोकाने उचलायचा, हळूहळू ओढून काढायचा, आणि कापडात जी बारीक फट उमटते तिच्यावरून कापायचं. तीन मीटरचा धागा मध्येच तुटला की तुटलेलं टोक शोधत बसायचं. दुपारपर्यंत मी मनातल्या मनात पैसे परत मागत होते. पाचव्या दिवशी सगळे चौकोन एकमेकांवर बिनचूक बसले तेव्हा कळलं कशासाठी होतं ते.

मग दोरा. मधमाशीच्या मेणावरून दोन-तीनदा ओढून घ्यायचा, म्हणजे गुंता होत नाही आणि कापडात घासला जाऊन तंतू सुटत नाहीत. लांबी हातभर, त्याहून जास्त नाही. मी आळशीपणाने लांब दोरा ओवायचे आणि दर दहा टाक्यांना गाठ सोडवायचे. हिशेब केला तर लांब दोऱ्यानेच वेळ जास्त गेला.

पाच दिवसांत शर्ट पुरा झाला नाही. कोणाचाच होत नाही. घरी येऊन केला, एकूण ३४ तास लागले. त्यामुळे दोन दिवसांत अंगरखा म्हणजे एक तर मोठे मोठे टाके, नाहीतर लांब शिवणी आधीच मशीनवर मारलेल्या असणार. विचारून बघा.

शेवंती_ठाणे

लीड्सकर, नातू, मनापासून धन्यवाद. पुण्यात फोन केला. लांब शिवणी मशीनवर मारूनच देतात. 'दिसणारी शिलाई तुमची' म्हणाले.

आता प्रामाणिक प्रश्न: आतल्या लांब शिवणी मशीनवर मारल्या तर नक्की काय बिघडतं? घेर केवढा असतो, धावदोरा घालता घालता मी पुढच्या शिवजयंतीला पोचेन.

जुनंपुराणं

बिघडतं असं की तो ऐतिहासिक राहत नाही. शिलाई मशीनचं एलायस हौचं पेटंट १८४६ चं, सिंगरचं १८५१ चं. पेशवाई १८१८ ला संपली. हिशेब करा.

पण माझा मुद्दा त्याच्या आधीचा आहे. कोणत्या काळाचा अंगरखा? शिवजयंती म्हणताय म्हणजे सतरावं शतक. महाराजांची त्या काळातली जी चित्रं युरोपातल्या संग्रहांत आहेत ती पाहा, अंगात जामा आहे. जाम्याचा पदर छातीवरून तिरका जाऊन बगलेखाली बांधतात. अंगरख्याला छातीवर गोल कापलेलं असतं आणि आतून वेगळा पडदा. दोन्ही कपडे वेगळे. आपण सरसकट 'अंगरखा' म्हणतो आणि नाटक-सिनेमावाले पेशवाईतला अंगरखा उचलून मावळ्यांना घालतात. पेशवाईच हवी असेल तर जेम्स वेल्सने १७९२ मध्ये रंगवलेलं सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र बघा, लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे.

दुसरं, बंद कोणत्या बाजूला? मुघल काळातल्या चित्रांत मुसलमानांचे बंद उजव्या बगलेखाली बांधलेले दिसतात आणि हिंदूंचे डाव्या. अकबराच्या काळच्या ऐन-ए-अकबरीत एका हिंदुस्थानी पद्धतीच्या कपड्याची नोंदच आहे, की पूर्वी तो डावीकडे बांधत, खाली चिरा असत, बादशहाने घेर गोल करायला लावला आणि उजवीकडे बांधायला लावला. एका बंदाच्या बाजूवर बादशहा हुकूम काढतो! तेव्हा भाड्याच्या दुकानातला नमुना समोर ठेवून बेतू नका, अर्ध्यांचे बंद उलट असतात.

गडवाट

आता पुढच्या शिवजयंतीला सोसायटीच्या गेटवर एक माणूस बंद तपासायला उभा राहणार तर 😄

जुनंपुराणं

राहीन की. चहा द्या म्हणजे झालं.

शिंप्याचा_नातू

शेवंतीताई, मशीनचं माझं कारण इतिहासाचं नाही, कापडाचं आहे. मलमल घेणार असाल तर तिच्यावर मशीनची टीप आखडते. शिवण सुरकुतल्यासारखी होते आणि घेर पडायच्या ऐवजी ताठ उभा राहतो. हाताचा धावदोरा सैल असतो, कापडाबरोबर हलतो. चार-पाच टाक्यांनंतर एक उलटी टीप घातली की मजबूत. आणि घेराला वाटतो तेवढा वेळ लागत नाही. धावदोऱ्यात सुई बाहेर न काढता तिच्यावर पाच-सहा टाके भरून घ्यायचे आणि मग एकदम ओढायचा. हात बसला की सरळ शिवण भराभर जाते. वेळ खातात ते कोपरे, गोट आणि बंद.

सोलापूरचा_गडी

मी शिवणकामातला नाही, पण राहवत नाही म्हणून लिहितोय. पहिलाच कपडा अंगरखा कशाला? बाराबंदी घ्या.

आमच्याकडे संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वज धरणारे मानकरी आणि बरोबरचे हजारो लोक पांढऱ्या बाराबंदीत असतात. संग्रहालयात काचेमागे ठेवलेला कपडा नाही हा, आजही दरवर्षी नवा शिवून घेतात, डिसेंबरात शिंप्यांना उसंत नसते. शिवतात मशीनवर, ते सोडा. पण बेत बघायला मिळतो, हातात धरून, उलटा करून. घेर नाही, लांबी कमरेच्या जरा खालपर्यंत, बाही सरळ, आणि बारा बंद म्हणजे सहा जोड्या. बंद शिवायची हौस तिथेच फिटेल.

माझी एक जुनी आहे, बगलेत फाटली म्हणून पडून आहे. नातूंचं वाचून आता उसवून बघितली. बगलेत चौकोन नाहीच! शिंप्याने कापड वाचवलं. दरवर्षी तिथेच का फाटते ते आज कळलं.

शिंप्याचा_नातू

गडीभाऊ, तुमच्या शिंप्याला हा धागा दाखवू नका.

बाराबंदीचा सल्ला शंभर टक्के बरोबर. बाराबंदीत पाठ, दोन पुढे, बाह्या, चौबगला आणि बंद येतात. ते जमलं की अंगरख्याला फक्त घेर आणि त्याच्या कळ्या (तिरके कापलेले तुकडे) वाढतात.

कुंदाताई_निवृत्त

मी शाळेत शिवणकाम शिकवायची. थोडक्यात लिहिते.

सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. मलमलीला ९ किंवा १० नंबर, मांजरपाटाला ७-८. दोरा सुती घ्या, चकचकीत पॉलिस्टर नको, तो बारीक कापडाला कापतो. कापड बेतण्याआधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटलं की सगळी मेहनत गेली. अंगुस्तान (बोटात घालायची टोपी) वापरायची सवय पहिल्या दिवसापासून. नंतर ती सवय लागत नाही.

आणि धावदोरा शिकायला अहमदाबाद कशाला? वस्तीत गोधड्या शिवणारी कोणी बाई असेल तर तिच्या शेजारी चार दुपारी बसा. तिच्याइतका एकसारखा टाका कोणत्याही वर्गात बघायला मिळणार नाही. आमच्या वर्गात सर्वांत चांगला हात ज्या मुलीचा होता, तिची आजी गोधड्या शिवायची. मी त्या मुलीला काहीच शिकवलं नाही खरं तर.

लीड्सकर

कुंदाताई +१.

जुने कपडे प्रत्यक्ष बघायचा प्रश्न राहिला. शेवंती, अहमदाबादला गेलीस तर कॅलिको म्युझियम चुकवू नकोस, पण आधी नाव नोंदवावं लागतं, आयत्या वेळी जाऊन प्रवेश मिळत नाही, आणि फोटो काढू देत नाहीत. वही-पेन्सिल ने. पुण्यात शुक्रवार पेठेत केळकर संग्रहालय आहेच. जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये सवाई माधोसिंह पहिले यांचा अवाढव्य पोशाख ठेवलाय. केवढ्या मोठ्या माणसासाठीही तेच चौकोन आणि त्याच कळ्या, फक्त आकडे बदलले! घरबसल्या हवं असेल तर लंडनच्या व्ही अँड ए म्युझियमच्या संग्रहात भारतीय जामे, अंगरखे आहेत, पुष्कळांचे फोटो मापांसकट इंटरनेटवर बघता येतात. फोटो मोठा करून शिवण कुठे संपते ते शोधायचं. माझे कित्येक रविवार यात गेलेत.

शेवंती_ठाणे

(दोन महिन्यांनी धागा वर काढतेय.)

पुणे रद्द केलं. अहमदाबादची पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे, नाव घातलंय, बेतायला देतात हे विचारूनच. मधल्या काळात शिंपीकाकांकडे बसतेय, दुपारी दोन ते चार, गिऱ्हाईक नसतं तेव्हा.

पहिले तीन दिवस काकांनी मला फक्त उसवायला दिलं. जुन्या पँटी, परकर, एक शेरवानी. मला राग येत होता. चौथ्या दिवशी म्हणाले, "आता सांगा, शेरवानी कोणत्या क्रमाने शिवली होती?" आणि मला सांगता आलं! शेवटची शिवण पहिल्यांदा सुटते, ती सगळ्यांच्या वरून गेलेली असते. उसवताना मी उलट्या क्रमाने शिकतच होते.

मग मांजरपाटाची बाराबंदी. चौबगला चार वेळा नाही, सहा वेळा शिवला. पाचवा बसला होता, सहावा हौसेने शिवला आणि बिघडवला.

खरी फजिती बाराबंदी संपल्यावर झाली. उत्साहात जाम्याच्या कळ्या बेतायला घेतल्या. आयताला कर्ण मारून दोन त्रिकोण, इथपर्यंत बरोबर. पण सगळे आयत एकावर एक ठेवून एकदमच कापले, आणि जोडताना बघते तर सगळ्यांचा तिरपा काप एकाच बाजूला. कापडाला सुलट-उलट होती, इस्त्रीची चमक एकाच अंगाला. अर्ध्या कळ्या उलट्या लावाव्या लागणार! काकांना दाखवलं तर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन कळ्या हातात घेऊन खिडकीशी धरल्या आणि म्हणाले, "धुवा एकदा. मांजरपाटाला धुतल्यावर कुठली आलीय सुलट-उलट." धुतलं. चमक गेली. वाचले. मलमलीवरही चाललं असतं, पण जरीचा किनखाब असता तर मेले असते.

जुनंपुराणं, जाम्याचे बंद डावीकडे घेतलेत. गेटवर या. चहा आहे.

एक अडलंय. बंद फार जाड होतात. मी पट्टी उलटी शिवून सुईने आतून बाहेर ओढते, निम्म्या तिथेच फाटतात.

कुंदाताई_निवृत्त

उलटून काढूच नका. बोटभर रुंद पट्टी घ्या, दोन्ही कडा आत मध्यापर्यंत दुमडा, पुन्हा मधून दुमडा, नखाने दाबून घ्या आणि वरूनच बारीक तुरपाई करा. बंद सपाट होतो, गाठही नीट बसते. फक्त टोकाला आधी आडवी दुमड घाला, नाहीतर तिथून तंतू निघतात.

शिंप्याचा_नातू

आणि जाम्याचा घेर तळाशी दुमडायच्या आधी एक रात्र दांडीवर टांगून ठेवा. कळ्यांचा तिरपा भाग लोंबून खाली येतो. सकाळी जमिनीपासून मोजून सारखा कापा, मग दुमडा. आधी दुमडलात तर आठ दिवसांत घेर लाटांसारखा वरखाली होईल.

शेवंती_ठाणे

टांगलाय. आमच्याकडे दांडी बाल्कनीत आहे आणि घरातला एक जण रात्री पाणी प्यायला उठून पांढरा जामा बघून ओरडला. सकाळी मोजते.